दोन अल्फा, तीन अल्फा, चार अल्फा: कुलाब्यापासून दुधाळ्यापर्यंत



सुट्टीत गावी गेले होते तेव्हाची गोष्ट. पेटची तयारी करणारी एक ज्युनिअर भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "ताई, आता आपल्या हिंगोलीतच लायगो होतंय. मग गुरुत्वीय लहरी सोडून तुम्ही हे जुनं न्यूक्लियर फिजिक्स कशाला करताय? त्यात आता शोधायला काय उरलंय?"

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. विषय जुना आहे, हे खरंच आहे. माझा विषय म्हणजे हलक्या अणुकेंद्रकांमधले अल्फा-गुच्छ, इंग्रजी पुस्तकांत ज्याला अल्फा क्लस्टरिंग म्हणतात तो. तो जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. म्हणून आज त्याचा इतिहासच सांगते. सनावळ्या पाठ करायला नाही. एखादा प्रश्न 'जुना' असूनही 'जिवंत' कसा राहतो, हे तुम्हाला विषय निवडण्याआधी कळावं म्हणून. आणि शेवटपर्यंत वाचलंत तर ही वाट औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला येऊन पोचेल. तिथेच लायगो-इंडियाची जागा आहे.

बाहेर आलं म्हणजे आत होतं का?

आधी थोडी उजळणी. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून अल्फा कण होतो, म्हणजेच हेलियम-४ चं केंद्रक. रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी काचेच्या नळीत अल्फा कण गोळा करून, त्यांचा वर्णपट पाहून, ते हेलियमच आहेत हे दाखवलं. ही १९०८-०९ च्या सुमाराची गोष्ट. याच अल्फांचा मारा सोन्याच्या पत्र्यावर करून १९११ मध्ये रदरफर्डने केंद्रकाची कल्पना मांडली.

जड केंद्रकांतून अल्फा बाहेर पडतात हे सगळ्यांना दिसत होतं. मग साहजिकच अनेकांना वाटलं की केंद्रकात अल्फा आधीपासूनच असणार. आमच्या वसमतच्या मोंढ्यात हळदीचं पोतं फाटलं आणि हळकुंडं बाहेर पडली, तर आत हळकुंडंच होती असं आपण म्हणतो. त्यात चूक काही नाही. पण चुलीवरच्या भाताच्या पातेल्यातून वाफ निघते, म्हणून पातेल्यात आधीपासून वाफ भरून ठेवली होती असं आपण म्हणत नाही. वाफ तिथेच तयार होते. मग केंद्रक हे पोतं आहे की पातेलं?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. त्या काळात बीटा क्षयात इलेक्ट्रॉन बाहेर पडतात म्हणून केंद्रकात इलेक्ट्रॉनही आहेत असं मानत. पुढे नायट्रोजनच्या केंद्रकाच्या स्पिनचा हिशेब त्या कल्पनेशी जुळेना. १९३२ मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला आणि केंद्रकातले इलेक्ट्रॉन कायमचे गेले. ते बाहेर पडतानाच तयार होतात, हे नंतर स्पष्ट झालं. म्हणजे 'बाहेर आलं म्हणजे आत होतं' हा युक्तिवाद इलेक्ट्रॉनच्या बाबतीत सपशेल फसला. मग अल्फाच्या बाबतीत तो आपण का मानायचा?

पूर्ण इतिहासाची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

वहीत करून बघण्यासारखा हिशेब

१९३८ मध्ये हॅफस्टॅड आणि टेलर यांनी एक सोपा हिशेब मांडला. तो तुम्हीही आत्ता करू शकता. बंधनऊर्जेचे आकडे घ्या, एकक एमईव्ही: हेलियम-४ ची २८.२९६, कार्बन-१२ ची ९२.१६२, ऑक्सिजन-१६ ची १२७.६१९. हे आजचे आकडे आहेत, त्यांच्याकडे थोडे कमी अचूक होते.

कार्बन म्हणजे तीन अल्फा असं धरलं, तर तीन अल्फांची स्वतःची ऊर्जा वजा करून उरतात साधारण ७.२७. ऑक्सिजन म्हणजे चार अल्फा, तिथे उरतात १४.४३. आता तीन अल्फा त्रिकोणाच्या टोकांवर ठेवा, त्यांच्यात जोडण्या होतात तीन. चार अल्फा चतुष्फलकाच्या टोकांवर ठेवा, जोडण्या होतात सहा. भागाकार करा. ७.२७ भागिले ३ म्हणजे २.४२. १४.४३ भागिले ६ म्हणजे २.४१.

मी पहिल्यांदा हे वहीत केलं तेव्हा अंगावर काटा आला होता! वाटलं, झालं सिद्ध.

पण थांबा. बेरिलियम-८ म्हणजे दोन अल्फा, एक जोडणी. तिथे २.४ एमईव्ही मिळायला हवेत. प्रत्यक्षात मिळतात उणे ०.०९२. म्हणजे बेरिलियम-८ बांधलेलंच राहत नाही. तयार झालं की साधारण १०⁻¹⁶ सेकंदात दोन अल्फांमध्ये फुटतं. तीन आणि चार अल्फांना लागू पडणारा नियम दोनलाच लागू पडत नाही. यावरून एवढंच शिकायचं की आकडे सुंदर जुळले म्हणजे चित्र खरं ठरलं असं होत नाही. जुळणारे दोन आकडे आणि न जुळणारा एक असेल, तर न जुळणाऱ्याकडे जास्त बघायचं.

पुढे १९४९ मध्ये मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येनसेन यांचं कवच-प्रतिमान आलं, म्हणजे आपण एमएस्सीला शिकतो ते शेल मॉडेल. त्यात प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉन आपापल्या कक्षेत सुटा फिरतो. जादुई अंकांचं कोडं त्याने सोडवलं आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेलही मिळालं. अल्फांचं चित्र मागे पडलं. ते साफ बाद झालं असतं, पण मध्येच १९५३ साल आलं.

हॉईल, आणि हॉईलबद्दलची दंतकथा

हा भाग तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेला असेल. ताऱ्यात हेलियमपासून कार्बन कसा बनतो? दोन अल्फा जुळून बेरिलियम-८ होतं, पण ते लगेच फुटतं. त्याच्या आत तिसरा अल्फा येऊन आदळायला हवा. एडविन सालपीटरने १९५१-५२ मध्ये हा मार्ग सुचवला. दहा कोटी केल्विनच्या आसपास, अब्जावधी अल्फांमागे एखादं बेरिलियम-८ कोणत्याही क्षणी अस्तित्वात असतंच, आणि त्यावर तिसरा अल्फा आदळू शकतो.

फ्रेड हॉईलने गणित केलं तर हा वेग फार कमी भरत होता. जो कार्बन तयार होईल तोही पुढचा अल्फा गिळून ऑक्सिजन होऊन जाईल. मग विश्वात कार्बन एवढा का दिसतो? त्याचं म्हणणं असं की कार्बन-१२ ला साधारण ७.६८ एमईव्हीवर एक उत्तेजित अवस्था असली पाहिजे, म्हणजे अनुनादामुळे हा वेग कित्येक पट वाढेल. १९५३ च्या सुरुवातीला कॅल्टेकला असताना त्याने तिथल्या प्रयोगवाल्यांना हे शोधायला सांगितलं.

आता प्रयोग बघा, कारण इथे आपल्या कामाचं शिक्षण आहे. वॉर्ड व्हॅलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ताऱ्यातली प्रक्रिया घडवायचा प्रयत्न केलाच नाही. त्यांनी नायट्रोजन-१४ वर ड्यूटेरॉन मारले. त्यातून कार्बन-१२ आणि एक अल्फा बाहेर पडतो. चुंबकीय वर्णपटमापीने त्या अल्फाची ऊर्जा अचूक मोजली. एकूण ऊर्जा माहीत असते, अल्फाने किती नेली ते मोजलं, मग कार्बनकडे किती उरली हे निव्वळ वजाबाकीने कळतं. अवस्था सापडली ७.६८ एमईव्हीवर, ०.०३ इकडेतिकडे. आज आपण ती ७.६५४ वर मांडतो आणि 'हॉईल अवस्था' म्हणतो. १९५७ मध्ये कुक, फाउलर आणि दोघे लॉरिटसन यांनी बोरॉन-१२ च्या बीटा क्षयातून हीच अवस्था तयार केली आणि ती अल्फांमध्ये फुटते हे दाखवलं. फुटू शकते म्हणजेच उलट दिशेने जुळूही शकते.

आणि आता दंतकथा. लोक सांगतात, हॉईल म्हणाला की 'मी कार्बनचा बनलेला आहे आणि मी इथे आहे, म्हणजे ही अवस्था असलीच पाहिजे'. याला मानवकेंद्री तत्त्वाचा पहिला विजय म्हणतात. विज्ञानाचे इतिहासकार हेल्गे क्राग यांनी २०१० मध्ये जुने कागद तपासून दाखवलं की १९५३ मध्ये हॉईलच्या युक्तिवादात जीवसृष्टी नव्हती. त्याचा युक्तिवाद होता ताऱ्यांत हेलियम, कार्बन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण कसं राहतं याबद्दल. 'मानवकेंद्री तत्त्व' हे नावच ब्रँडन कार्टरने १९७० च्या दशकात दिलं. गोष्ट नंतर गोड केली गेली. साहित्य-आढावा लिहायला बसाल तेव्हा ही गोष्ट आठवा. दहा लेखांत एकच वाक्य असतं, कारण नऊ जणांनी पहिल्याचं उतरवलेलं असतं. मूळ पेपर उघडा.

याच हॉईलकडे १९६० मध्ये केंब्रिजला एक मराठी विद्यार्थी संशोधनाला लागला. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले जयंत नारळीकर. ते १९७२ मध्ये भारतात परतले, टीआयएफआरमध्ये शिकवलं आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. नारळीकरांचं काम अल्फा-गुच्छांवर नव्हतं, गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनेवर होतं. तरी आयुकाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन अल्फा: कुलाबा

आता परत त्या न जुळणाऱ्या आकड्याकडे, बेरिलियम-८ कडे.

बेरिलियम-८ खरंच दोन अल्फांचा डंबेल आहे का? तो १०⁻¹⁶ सेकंदात फुटतो, त्याचा फोटो कोण काढणार! पण डंबेल फिरवला तर त्याच्या ऊर्जापातळ्या ठरावीक प्रमाणात येतात. बेरिलियम-८ ची पहिली उत्तेजित अवस्था साधारण ३.०३ एमईव्हीवर, स्पिन २. दुसरी ११.३५ वर, स्पिन ४. ताठ डंबेलसाठी दोन ऊर्जांचं गुणोत्तर ३.३३ यायला हवं. इथे येतं ३.७५ च्या आसपास. जवळ आहे, पण तंतोतंत नाही. आणि मघाशीच आपण शिकलो, की आकडे जवळपास जुळणं म्हणजे पुरावा नव्हे.

खरा पुरावा कोणता? फिरणारा विद्युतभारित डंबेल वरच्या अवस्थेतून खालच्या अवस्थेत येताना गॅमा किरण टाकेल. विद्युतभार एकमेकांपासून जितके लांब, तितकी ही शक्यता जास्त. म्हणजे स्पिन ४ कडून स्पिन २ कडे येणारा साधारण ८ एमईव्हीचा गॅमा किती वेळा येतो हे मोजलं, की डंबेल किती लांबट आहे हे कळतं.

अडचण अशी की स्पिन ४ ची अवस्था साधारण २×१०⁻²² सेकंदच टिकते. अल्फांमध्ये फुटायची तिला इतकी घाई असते की आधीच्या गणितानुसार सुमारे एक कोटीत एकदाच ती गॅमा टाकेल. एक कोटीत एक!

हा प्रयोग मुंबईत झाला. कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात बीएआरसी आणि टीआयएफआर यांचा संयुक्त १४ मेगाव्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे, १९८८ पासून चालू. वि. म. दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियमचा झोत हेलियम वायूवरच सोडला. ऐकायला सोपं वाटतं, पण एकेक गोष्ट बघा. पेलेट्रॉनमध्ये आत सोडायला ऋण आयन लागतात, आणि हेलियम हा निष्क्रिय वायू, तो जादा इलेक्ट्रॉन सहजी धरत नाही. टार्गेट घन करता येत नाही, म्हणून वायू एका छोट्या कोठडीत पातळ पडद्यांमागे भरायचा. मग झोत त्या पडद्यांवरही आदळतो आणि नको असलेले गॅमा येतात, हव्या असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

यावर उपाय काय? गॅमा दिसला एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याच क्षणी दोन अल्फाही योग्य दिशांना, योग्य ऊर्जेने निघाले असतील तरच ती घटना धरायची. तीन साक्षीदार एकाच वेळी एकच गोष्ट सांगत असतील तरच. याला आपल्या भाषेत कोइन्सिडन्स म्हणतात. शिवाय त्यांनी झोताची ऊर्जा त्या अवस्थेपासून बाजूला नेऊनही मोजलं. तिथे गॅमांची संख्या घटायला हवी. ती घटली. अवस्थेवर असताना मोजलेला काटछेद १६५ नॅनोबार्न, आधीच्या गणिताने सांगितलेला १३४. चुकीची मर्यादा धरली तर जुळतं. हा पेपर २००५ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. या गॅमाचा तो पहिला प्रायोगिक पुरावा होता.

पण ती चुकीची मर्यादा मोठी होती. वेगवेगळ्या सिद्धांतांपैकी कोणता बरोबर हे ठरवण्याइतकी ती बारीक नव्हती. अशा वेळी बरेच जण 'पहिले आम्ही' म्हणून पुढच्या विषयाकडे वळतात. या गटाने तसं केलं नाही. तोच प्रयोग जास्त नेटका करून, अचूकता जवळपास तिपटीने वाढवून, २०१३ मध्ये पुन्हा छापला. मध्ये आठ वर्षं गेली. पीएचडी चार वर्षांत उरकायची घाई असलेल्या आपल्यासारख्यांनी हा आकडा जरा मनात घोळवावा.

आणखी एक मराठी धागा. २००० मध्ये वायरिंगा, पायपर, कार्लसन आणि पांढरीपांडे यांनी आठ प्रोटॉन-न्यूट्रॉनांचा हिशेब संगणकावर केला. यात अल्फा आहेत असं आधी गृहीत धरलेलंच नव्हतं. फक्त आठ कण आणि त्यांच्यातली बलं. उत्तरात जी घनता आली तिच्यात दोन वेगळे गोळे दिसले, म्हणजे डंबेलच! यातले विजय पांढरीपांडे मूळचे नागपूरचे. नागपूर विद्यापीठातून एमएस्सी, मग टीआयएफआर, आणि पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक.

सुरुवातीचा प्रश्न आठवतो? पोतं की पातेलं? इथे पहिल्यांदा नीट उत्तर मिळालं. अल्फा आत आहेत असं मानून चालायचं नाही. न मानता हिशेब करायचा, आणि तरीही ते दिसले, प्रयोगातही दिसले, तर मग मान्य करायचं.

तीन अल्फा: कोलकाता

आता हॉईल अवस्था. तिचा आकार काय? १९५६ मध्ये मोरिनागाने सुचवलं की तीन अल्फा एका सरळ रेषेत, माळेसारखे असावेत. १९६८ मध्ये इकेडा, ताकिगावा आणि होरिउची यांनी एक मोठा नियम मांडला. केंद्रक ज्या ऊर्जेला गुच्छांत फुटू शकतं, त्या उंबरठ्याजवळच गुच्छांची रचना ठळक होते. म्हणून कार्बनच्या मूळ अवस्थेत कवच-प्रतिमान बरंच चालतं, आणि ७.२७५ च्या उंबरठ्याच्या थोडं वर असलेल्या हॉईल अवस्थेत अल्फा दिसतात. दोन्ही चित्रं आपापल्या जागी खरी. २००१ मध्ये तोहसाकी आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की हॉईल अवस्था म्हणजे ना त्रिकोण ना माळ, तर अल्फांचा विरळ वायूच. नुसत्या चित्रांवर वाद घालत बसलं तर तो संपणार नाही. मोजता येईल असं काय आहे?

एक गोष्ट आहे. हॉईल अवस्था फुटताना दोन मार्ग शक्य. एक, आधी एक अल्फा निघतो, मागे बेरिलियम-८ राहतं, ते नंतर फुटतं. दोन, तिन्ही अल्फा एकदम सुटतात. एकूण मोकळी ऊर्जा साधारण ०.३८ एमईव्ही. पहिल्या मार्गाने गेलं तर पहिल्या अल्फाला जवळजवळ निम्मी मिळते. संवेगाची अक्षय्यता लावून वहीत करून बघा, ०.१९ येईल. तिन्ही एकदम समसमान सुटले तर प्रत्येकाला एक तृतीयांश. म्हणजे तिन्ही अल्फा पकडून ऊर्जा मोजली की मार्ग ओळखता येतो.

आता आकड्यांचा प्रवास बघा. १९९४ मध्ये मार्टिन फ्रीअर आणि सहकाऱ्यांनी सांगितलं: एकदम फुटण्याचं प्रमाण ४ टक्क्यांपेक्षा कमी. २०११ मध्ये दुसऱ्या एका गटाने जाहीर केलं: १७ टक्के! खळबळ उडाली. एवढं असेल तर ताऱ्यांतल्या कार्बनचा हिशेबही नव्याने तपासायला हवा. २०१२ मध्ये किर्सेबोम आणि सहकारी म्हणाले: ०.५ टक्क्यापेक्षा कमी. मग कोलकात्याच्या व्हीईसीसीमध्ये, म्हणजे तिथल्या सायक्लोट्रॉन केंद्रात, टी. के. राणा आणि सहकाऱ्यांनी अल्फांचा झोत कार्बनवर मारून मोजलं. २०१३ मध्ये त्यांचा आकडा आला सुमारे ०.९ टक्के. २०१७ मध्ये युरोपातल्या दोन गटांनी ०.०४ ते ०.०५ टक्क्याच्या आत मर्यादा आणली. आणि २०१९ मध्ये कोलकात्याच्याच गटाने, आधीपेक्षा पुष्कळ जास्त घटना गोळा करून, ०.०१९ टक्क्याच्या आत आणली.

नीट बघा. या गटाने २०१३ मध्ये स्वतः छापलेला आकडा २०१९ मध्ये स्वतःच्याच मोजमापाने मागे टाकला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट कौतुकाचं आहे. आपल्याकडे 'सरांनी आधी असं छापलंय' म्हणून विद्यार्थी आपला डेटा दडपून ठेवतात. तसं करू नका. विषय पुढे जातो तो असा.

आणि हा विषय संपला असंही समजू नका. हॉईल अवस्था दहा हजारांत साधारण चार वेळाच गॅमा टाकून स्थिर कार्बन होते, बाकी सगळ्या वेळी परत फुटते. तुमच्या-माझ्या अंगातला कार्बन त्या चार वेळांमधला! २०२० मध्ये ऑस्लोच्या प्रयोगाने हे प्रमाण सहाच्या आसपास असल्याचं म्हटलं. त्यानंतरची मोजमापं पुन्हा जुन्या आकड्याकडे झुकली. सत्तर वर्षं जुन्या अवस्थेवर आजही भांडण चालू आहे.

चार अल्फा: दुधाळा

कार्बनमध्ये आणखी एक अल्फा शिरला की ऑक्सिजन-१६. ताऱ्याच्या पोटात शेवटी कार्बन किती आणि ऑक्सिजन किती उरणार, हे या एका अभिक्रियेच्या वेगावर ठरतं. आणि तो वेग प्रयोगशाळेत सरळ मोजता येत नाही. ताऱ्यातल्या ०.३ एमईव्ही ऊर्जेला काटछेद १०⁻¹⁷ बार्नच्या घरातला. कुलाब्याचा १६५ नॅनोबार्न याच्यापुढे डोंगर! म्हणून आडवाटेने जावं लागतं. ऑक्सिजनमध्ये उंबरठ्याच्या जरा खाली, ६.९२ आणि ७.१२ एमईव्हीवर, दोन अवस्था आहेत. त्यांत 'कार्बन अधिक अल्फा' ही रचना किती प्रमाणात आहे हे दुसऱ्या अभिक्रियांतून मोजायचं आणि त्यावरून वेग काढायचा. व्हॅलिंगची १९५३ ची युक्ती आठवा. ताऱ्यातलं घडवता येत नसेल, तर त्याच अवस्थेपर्यंत दुसऱ्या दाराने जा.

आता ज्युनिअरच्या प्रश्नाकडे येते. खूप जड तारे मरताना त्यांच्या पोटात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होऊ लागतात, दाब कमी पडतो, आणि ऑक्सिजन स्फोटासारखा पेटून कधीकधी आख्खा तारा उधळला जातो, मागे कृष्णविवरही उरत नाही. म्हणून साधारण पन्नास सूर्यांच्या वर एका टप्प्यात ताऱ्यांपासून थेट बनलेली कृष्णविवरं सापडू नयेत असं भाकीत आहे. ही रिकामी जागा नेमकी कुठून सुरू होते हे बरंचसं कार्बन-ऑक्सिजनच्या प्रमाणावर, म्हणजे त्या चौथ्या अल्फावर ठरतं. वेग जास्त असेल तर ऑक्सिजन जास्त, स्फोट लवकर, आणि रिकामी जागा खालच्या वस्तुमानापासून सुरू.

आणि कृष्णविवरांची वस्तुमानं कोण मोजतं? लायगो! २१ मे २०१९ ला पकडलेल्या एका लहरीत सुमारे ८५ आणि ६६ सूर्यांइतकी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळलेली दिसली. म्हणजे रिकाम्या जागेतच कोणीतरी बसलेलं! ते तिथे कसं आलं यावर वाद चालू आहे. कदाचित आधीच्या विलीनीकरणातून मोठं झालं असेल, कदाचित अभिक्रियेचा वेग आपण समजतो त्याहून वेगळा असेल. २०२० मध्ये रॉबर्ट फार्मर आणि सहकाऱ्यांनी उलटा रस्ताही दाखवला: अशी पुरेशी कृष्णविवरं मोजली की त्यांवरून कार्बन-ऑक्सिजनच्या अभिक्रियेचा वेग ठरवता येईल.

लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०१६ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये, खर्च सुमारे २,६०० कोटी. ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा दुधाळ्याच्या माळावर येणार आहेत. काम करणाऱ्या प्रमुख संस्थांत पुण्याची आयुकाही आहे, नारळीकरांनी उभी केलेली. हॉईलच्या विद्यार्थ्याने उभारलेली संस्था आमच्या जिल्ह्यात जे यंत्र आणते आहे, त्याच्या मोजमापांतून हॉईलच्याच हिशेबातला दुसरा आकडा तपासला जाणार आहे. हे कोणी ठरवून केलेलं नाही. म्हणूनच मला ते आवडतं.

मग तुम्ही काय करायचं?

ज्युनिअरला आता माझं उत्तर असं आहे. गुरुत्वीय लहरी घे किंवा केंद्रकं घे, दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात. पण विषय निवडताना 'नवीन की जुना' हे विचारू नकोस. तीन गोष्टी विचार. पहिली: या प्रश्नाचं उत्तर चुकीचं ठरवू शकेल असा एखादा आकडा आहे का? 'केंद्रकात अल्फा आहेत का' हा प्रश्न नुसता धूसर होता, तोवर वाद झाले. 'गॅमा एक कोटीत किती वेळा', 'पहिल्या अल्फाला निम्मी ऊर्जा मिळते का', असे प्रश्न झाले तेव्हा उत्तरं आली. दुसरी: तो आकडा मोजायला साक्षीदार किती आहेत? एका डिटेक्टरवर विश्वास ठेवू नकोस. तिसरी: स्वतःचाच आकडा सहा-आठ वर्षांनी पुन्हा मोजायची तयारी आहे का?

आपल्या विद्यापीठात त्वरक नाही म्हणून हा विषय जमणार नाही, असंही समजू नका. मुंबईचा पेलेट्रॉन आणि दिल्लीचं आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्र इथे प्रस्ताव लिहून झोताची वेळ मागता येते. प्रस्तावाला लागतो तो नेमका प्रश्न, आणि तो पेन-वहीवर तयार होतो.

म्हणून आजचा गृहपाठ छोटासाच. वर दिलेला ०.१९ एमईव्हीचा आकडा स्वतः काढा. बेरिलियमचं वस्तुमान ८, अल्फाचं ४, सुरुवातीला सगळं स्थिर, मोकळी ऊर्जा ०.३८ मधून ०.०९२ वजा. अर्ध्या पानाचा हिशेब आहे. जमला, की कोलकात्याचा पेपर उघडा. त्यातल्या आकृत्या तुम्हाला वाचता येतील.

अडलं तर विचारा. भेटू पुढच्या पोस्टमध्ये.